मालकांचा रंग

खोली बघायला आम्ही दोघं गेलो तेव्हा अप्पांनी कुलूप काढून खोली दाखवली, मोरी दाखवली, भिंतीतल्या खुंट्या एकेक ओढून दाखवल्या, आणि शेवटी म्हणाले, "बाकी सगळं ठीक हाय. पन मालकांना विचारायला पाहिजे की."

म्हणजे हे घरमालक नव्हेत तर! आम्ही ओट्यावर बसून राहिलो. अप्पा अंगणातल्या डाळिंबापाशी गेले, झाडाशी काहीतरी बोलले, फांदीत हात घालून जरा वेळ उभे राहिले आणि परत आले. "मालकांची ना न्हाय. या राहायला."

झाडापाशी चिटपाखरू नव्हतं. वाटेत मी ह्यांना विचारलं, "अहो, डोक्यानं बरे आहेत ना ते?" हे म्हणाले, "खोलीला उजेड चांगला आहे." आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. उजेड चांगला असला की घरमालक वेडा असला तरी त्यांना चालायचं. संसार मला करायचा होता, पण मला कोण विचारतो!

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या सकाळी दारावर काठी वाजली. "मास्तरीणबाई, बाहेर या. मालकांचा रंग सांगा."

हात पिठात होते, तशीच बाहेर आले. अप्पांनी मला डाळिंबापाशी उभं केलं आणि काठीनं एक फांदी दाखवली. आधी काहीच दिसेना. मग एक पान हललं, आणि त्या पानाला डोळा होता! मी अशी किंचाळले की शेजारच्या घरातले माग थांबले. वीतभर सरडा. पाठीला बाक, शेपटाची गुंडाळी, आणि डोळे दोन दिशांना. एक माझ्यावर, दुसरा अप्पांवर.

"ओरडू नका, मालक दचकतात. रंग बोला."

"हिरवा. मेला हिरवाच आहे की!"

"मेला म्हनू नका," अप्पा गंभीरपणे म्हणाले आणि पुढच्या खोलीवर काठी आपटायला गेले.

घरात आम्ही तीन बिऱ्हाडं. आम्ही, शेजारी मागवाल्यांची लक्ष्मक्का, आणि मागच्या बाजूला टांगेवाले बाबूभाई, त्यांचं घोडं आणि त्यांची शेळी. रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की सगळ्यांनी डाळिंबापाशी यायचं आणि मालकांचा रंग सांगायचा. भाडं एक वेळ थकलं तर अप्पा गप्प बसत, पण रंग सांगायला कोणी चुकला की दिवसभर त्याच्याशी अबोला.

आणि सांगायचं तरी काय? मी म्हणायची हिरवा. हे चष्मा पुसून, मान तिरकी करून म्हणायचे, "छे छे, पिवळ्याकडे झुकतोय. ह्याला सॅप ग्रीन म्हणतात." बाबूभाई म्हणायचे, "हरा नै अप्पा, धानी है, धानी. धान के पत्ते जैसा." आणि लक्ष्मक्का कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "पच्चगा उंदि."

"पच्च म्हणजे काय गं?" मी पहिल्यांदा विचारलं.

"पच्च म्हंजे पच्च. झाडाचं पान असतंय की, तसं."

"म्हणजे हिरवा."

"हां. हळद असती की, तसं पन."

"अगं, हळद पिवळी असते!"

"मग? तेच सांगतीय की मी. पच्च!"

आता बोला! तेलुगूत म्हणे हिरव्यालाही पच्च आणि पिवळ्यालाही पच्च. मी डोकं धरलं. आम्ही असे भांडायला लागलो की अप्पांचा चेहरा बघावा. लग्नघरातल्या आजोबांसारखे इकडून तिकडे बघत हसायचे. "चौघं डोळसं, चार रंग! एकाचं दुसऱ्याला पटंना! वा मालक!" मग खिशातली गार्डाची शिट्टी काढून एकदा वाजवायची, "लाइन क्लिअर!" म्हणायचं, आणि आम्हाला कामाला लावून द्यायचं.

हा माणूस हसतो कशाला ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. खरं तर त्यांचं काहीच कळायचं नाही. अंगावर कायम पांढरं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढराच पटका. बाजारात मिरच्या घ्यायला गेले की हिरव्या आणि पिकलेल्या एकाच पिशवीत घेऊन यायचे आणि सरळ माझ्यापुढे ओतून म्हणायचे, "तुमचं तुमी निवडा." आंबा नाकाला लावून घ्यायचे, वांगं दाबून. आणि माझं लुगडं कुठं वाळत राहिलं असलं तर हाक मारायचे, "मास्तरीणबाई, तुमचं ते जाड काठाचं भिजतंय!" निळं म्हणाले नाहीत की तांबडं म्हणाले नाहीत. एवढं सगळ्यांना रंग विचारणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून कधी एका रंगाचं नाव मी ऐकलं नाही. म्हटलं, असेल एखादा नवस!

बाबूभाईंनी मला एकदा हळूच सांगितलं, की अप्पा रेल्वेत होते, होटगीकडे मालगाडीवर गार्ड होते, आणि डोळ्यांच्या परीक्षेत नापास होऊन ती नोकरी गेली. पुढचं अप्पांनीच सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. उन्हात शेंगा फोडत बसले होते आणि एकाएकी सुरू झाले.

"नवा साहेब आला. म्हनला, डोळं तपासायचं. टेबलावर लोकरीच्या लडी टाकल्या, ढीगभर. एक लडी वर धरली आन म्हनला, ह्यासारख्या निवड. मी निवडल्या. झटझट निवडल्या. सगळं हापिस हसायला लागलं. कारकून हसला, पट्टेवाला हसला. का हसतात ते मला कळंना. मी पन हसलो त्यांच्यासंगं."

"मग?"

"मग काय. पार्सलच्या खोलीत बसवलं. मी चार दिवसांत सोडून आलो." एक शेंग त्यांनी चुकून टरफलासकट तोंडात टाकली. "बाई, इतकी वर्सं गाडी चालवली. एक निशाण डाव्या बगलेत, एक उजव्या. डावं दाखवलं की गाडी जायाची, उजवं दाखवलं की थांबायाची. कंदिलाची काच वरची कुटली, खालची कुटली, पाठ. एकदा चुकलो न्हाय. आन मला म्हनले, तुला रंग दिसत न्हाईत."

मग आवाज उतरवून म्हणाले, "ह्या मालकांना बघा. तुमी चौघं. मास्तर तर रंगांचं शिकलेलं. तुमचं तरी कुटं जमतंय?"

तेव्हा मला ते हसणं समजलं. आणि समजल्यावर फार वाईट वाटलं. हा सरडा अप्पांचा साक्षीदार होता हो! शेतातल्या बाभळीवरून त्यांनी तो छत्रीत बसवून आणला होता. भावकीनं शिव्या घातल्या, की गोसुंबे, म्हणजे असले सरडे, घरात आणतोस, थुंकला तर अंगावर चट्टे उठतील. अप्पांनी ऐकलं नाही. सकाळी आम्ही चौघं भांडलो की त्यांचा तो दिवस बरा जायचा.

मालकांची बडदास्त मात्र जावयासारखी. माश्या, टोळ, झुरळं अप्पा स्वतः धरून बोटावर ठेवायचे, आणि मालक वीतभर लांबून जीभ टाकून उचलायचे. दरवेळी अप्पा मला म्हणायचे, "बघितलं का?" दरवेळी मी बघितलेलं असायचं. पाण्याला चांदीची वाटी, फांदीच्या बेचक्यात बसवलेली. रोज आंघोळ झाली की अप्पा तांब्यानं डाळिंबाला पाणी घालायचे, वरून, पानांवर सपासप, आणि मग वाटी भरायचे. संध्याकाळपर्यंत वाटी रिकामी. "मालकांना लई तहान," असं कौतुकानं सांगायचे.

दुखणी तर अप्पा मालकांच्या अंगावर शोधूनच काढायचे. रंग आमच्याकडून घ्यायचा आणि आजार आपण ठरवायचा. मी एकदा पिवळा म्हणाले तर कावीळ म्हणून उसाचा रस आणला. मालकांनी तोंड फिरवलं, तो रस आम्ही प्यायलो. कातडीचे पापुद्रे निघायला लागले तर महारोग म्हणून स्वतः दिवसभर खोलीत बसून राहिले, आणि दोन दिवसांनी मालक नव्या कातडीत चकचकीत होऊन बसलेले! मला तर वाटायचं, त्या सरड्याला एकच आजार आहे, अप्पा.

मग तो उन्हाळा आला.

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय सांगायचं! भिंतीला हात लावला तर चटका. त्यात बाबूभाईंची शेळी सुटली आणि तिनं एका दुपारी डाळिंब ओरबाडून खाल्लं. पान म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मालक नागड्या फांदीवर उन्हात उघडे. अप्पा शेळीला मारायला धावले, बाबूभाई अप्पांना आवरायला धावले, आणि लक्ष्मक्का म्हणाली, "आधी त्याला सावलीत घ्या की, भांडन मग करा!"

अप्पांनी मालकांना आपल्या खोलीत नेलं. खिडकीला ओलं गोणपाट लावलं, खाटेच्या खुराला एक वाळकी फांदी बांधली, त्यावर मालक, आणि समोर ती चांदीची वाटी. दार बंद. "आता गार वाटंल."

काही दिवस रंग सांगायचं बंदच होतं. आत अंधारात काय दिसणार! मग एका सकाळी दारावर काठी वाजली, पण हळू. अप्पा मालकांना बोटावर घेऊन अंगणात उभे होते.

"बोला," म्हणाले.

लक्ष्मक्कानं वाकून बघितलं. तिचा हात तोंडावर गेला. "अय्यो देवुडा. काळा."

"काला पड गया," बाबूभाई म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, हे तरी काहीतरी वेगळं बोलतील, कसलीतरी छटा काढतील. ह्यांनी चष्मासुद्धा पुसला नाही. "काळा आहे, अप्पा."

"आन तुमी?"

"काळाच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

त्या घरात आमचं चौघांचं एकमत झालं ते पहिल्यांदा. अप्पा मान हलवत राहिले. "व्हय," म्हणाले. "मला पन दिसतंय." आणि त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला ते बघवेना.

मालकांचं काहीतरी बिनसलं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. डोळे मिटलेले, तेही भर उजेडात. माशी समोर धरली तर बघेनात. बोटावरची पकड सुटायची, अप्पा पुन्हा पाय लावून द्यायचे, पुन्हा सुटायची. लक्ष्मक्कानं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. हे म्हणाले, "काळानिळा म्हणजे विषबाधा. झुरळानं काहीतरी खाल्लं असेल." झालं! अप्पा त्या झुरळाच्या नावानं रडायला लागले. मी ह्यांना आत ओढलं आणि म्हटलं, "तुम्ही आपले चित्रं काढा. कृपा करा." त्या दिवशी अप्पांनी भाकरी नुसती चिवडून ठेवली. दुसऱ्या दिवशी चिवडलीसुद्धा नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "मालक न्हाई जेवले." माझा जीव तुटला. सरडा मेला तर मागोमाग हाही माणूस जाणार, असं मला अगदी स्पष्ट दिसायला लागलं.

"उठा," मी म्हणाले. "ढोरांच्या दवाखान्यात जायचं."

बाबूभाईंनी टांगा जोडला. शेळीमुळे ते आधीच खाली मान घालून होते. टोपलीत मालक, टोपली अप्पांच्या मांडीवर, शेजारी मी पदर आवरून. मागे बैल, पुढे म्हैस, मध्ये आमची टोपली, अशी आमची पाळी आली.

डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "वैरण खातं का? रवंथ करतं?"

"टोळ खातात," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी टोपलीत बघितलं, मग अप्पांकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हसणार. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण माणूस भला होता. मालकांना तळव्यावर घेऊन उजेडाला धरलं. "अप्पा, मी बैलांचा डॉक्टर. हा काय प्राणी आहे, याला काय होतं, मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? पण एक बघा. रंग सोडा. डोळा बघा. खोबणीत किती आत गेलाय. बैल असो, पोर असो, डोळा असा आत गेला की अंगातलं पाणी संपलं. पाणी पाजा."

"पानी तर समोरच हाय की! चांदीच्या वाटीत!"

"मग पीत का नाही?"

आम्ही टोपली घेऊन परत आलो. लक्ष्मक्कानं तिच्या नातवाचं बोंडलं आणलं, मी मालकांचं तोंड उघडायला बघितलं, पण जबडा असा घट्ट मिटलेला की काडीसुद्धा जाईना. पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं. अप्पा वाटी त्यांच्या नाकासमोर धरून गयावया करत होते, "मालक, घ्या की. एवढं घ्या की. माझ्यासाठी घ्या." पाण्यात मालकांचं नाक बुडालं तरी त्यांना तिथं पाणी आहे याचा पत्ता नव्हता. पाणी समोर, तहान अंगात, आणि पिता येत नाही, ही कसली तऱ्हा! मी चिडले, मग मला रडू आलं, मग मी पुन्हा चिडले.

खोलीत नको, गुदमरतंय, म्हणून मी टोपली बाहेर आणली. अंगणात सावली एकच होती, लक्ष्मक्काच्या सुताची. धुतलेल्या पांढऱ्या सुताच्या लडी तिनं दोरीवर टाकल्या होत्या, त्यांच्याखाली टोपली ठेवली. सूत ठिबकत होतं. एक थेंब मालकांच्या डोक्यावर पडला. मी टोपली सरकवायला हात घातला, तर लक्ष्मक्कानं माझं मनगट धरलं.

दुसरा थेंब पडला. तो नाकावरून ओघळला. मालकांनी एक डोळा उघडला. तिसरा टोपलीच्या काठावर पडून तिथंच लोंबत राहिला, उन्हात चमकत. मालकांनी मान वळवली, जरा पुढे सरकले, आणि तो थेंब चाटला.

"तागुतोंदि!" लक्ष्मक्का कुजबुजली. "पितंय गं! पितंय!"

अप्पा गुडघ्यांवर आले. कुणी हललं नाही. थेंब पडायचा, मालक चाटायचे. सूत ठिबकायचं थांबलं तशी लक्ष्मक्का धावत जाऊन बादली घेऊन आली आणि सुकलेल्या सुतावर पुन्हा पाणी ओतलं. दिवसभर ती तेच करत राहिली. त्या दिवशी तिचं सूत काही वाळलं नाही, आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली ती वेगळी.

तेव्हा कुठे आम्हाला समजलं. मालक वाटीतून पाणी कधी प्यायलेच नव्हते. ते प्यायचे पानांवरचं, अप्पा सकाळी तांब्यानं उडवायचे ते. वाटी रिकामी करायच्या त्या चिमण्या! अप्पांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "इतकी वर्सं? चिमण्या?" एवढंच म्हणत राहिले.

त्यांनी मालकांना घरामागच्या कडुनिंबाच्या फांदीवर बसवलं आणि दिवसातून पुन्हा पुन्हा झाडावर पाणी उडवायला लागले. डोळे हळूहळू भरून वर आले. पाय फांदीला घट्ट बसायला लागले. मग एक दिवस मालकांनी जीभ टाकून माशी उचलली, आणि अप्पांनी माझ्याकडून भाकरी मागून घेतली, शेंगाची चटणी आणि वर कांदा.

त्यानंतरच्या सकाळी दारावर काठी वाजली, पहिल्यासारखी, जोरात.

आम्ही सगळे निंबाखाली जमलो. मी आधीच सांगून टाकलं, "हिरवा. अगदी हिरवागार."

"पच्च," लक्ष्मक्का म्हणाली.

"कुठली पच्च? पानाची की हळदीची?" हे म्हणाले. "मला तर पिवळट वाटतो."

"पीला कायकू बोल्ते मास्टर, धानी है!"

"अहो, डोळे आहेत का काय तुम्हाला? हिरवा आहे!"

आम्ही असे भांडलो की विचारू नका. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं सगळं. मी अप्पांकडे बघितलं, म्हटलं आता हसतील, शिट्टी काढतील. अप्पा हसत नव्हते. वर मान करून मालकांकडेच बघत होते.

"मला विटकरी दिसतात," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी रंगाचं नाव घेतलं होतं. आणि म्हणाले तेही असं चाचरत, परीक्षेला बसवलेल्या माणसासारखं. "पयल्यापासून. विटकरीच दिसतात. चुकत असंल माझं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे म्हणजे मुलांनी आकाशाला जरा जास्त निळा लावला तर चित्र फाडणारे. रंगाची चूक त्यांना सहन व्हायची नाही. ह्यांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

हे झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेले. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. टाचा उंचावून बराच वेळ बघितलं.

"आहे की," म्हणाले. "पोटाकडून विटकरीच आहे. आमच्या लक्षात आलं नाही."

"खरं?" अप्पांनी विचारलं.

"खरं म्हणजे? मी ड्रॉइंग मास्तर आहे, अप्पा."

"हौ, हौ," बाबूभाई म्हणाले, "विटकरी है." आणि लक्ष्मक्का म्हणाली, "असंल की. आमाला तरी कुटं सगळं दिसतंय!"

अप्पा निंबाच्या बुंध्याला धरून मटकन खाली बसले आणि पटक्याच्या सोग्यात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडायला लागले. म्हातारं माणूस, असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं. आम्हाला काय करावं सुचेना. बाबूभाई पाणी आणायला गेले ते घोड्याची बादलीच घेऊन आले. मी मान वर करून मालकांच्या पोटाकडे बघितलं, नीट बघितलं, आणि देवाशपथ सांगते, कुठला रंग होता ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही.